रूट न करता अँड्रॉइड १४: आईच्या फोनची वॉरंटी राखून केलेला अपडेट

वॉरंटीतल्या फोनमध्ये केबल लावून सॉफ्टवेअर भरायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'हात लावू नकोस, वॉरंटी जाईल.' दुसरा, 'आता उघडतेच आहेस तर रूट करून टाक.' रूट करणं म्हणजे कंपनीने बंद ठेवलेले फोनच्या सिस्टीमचे सगळे अधिकार आपल्या हातात घेणं. या दोन्ही सल्ल्यांच्या मधून जाणारा एक रस्ता आहे. माझी मैत्रीण, मावसभाऊ, शेजारच्या काकू, सगळ्यांनी तो विचारला, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

फोन आईचा, गॅलेक्सी एम३४. हे मॉडेल जुलै २०२३ मध्ये भारतात आलं तेव्हा त्यात अँड्रॉइड १३ होतं. आम्ही तो त्याच वर्षी दिवाळीत घेतला, म्हणजे शिमग्याला मी गावी निघाले तेव्हा एक वर्षाची वॉरंटी बरीच शिल्लक होती. गाव राजापूर तालुक्यात. घरात रेंज येते ती मागच्या पडवीत, तीही हवा बरी असेल तर. अँड्रॉइड १४ चा अपडेट दोन जीबीच्या वर होता. आईने तो सुरू करून पाहिला होता, पण अर्ध्यावर थांबून राहायचा. मी पुण्याहून लॅपटॉप नेणारच होते. म्हणून ठरवलं, फाइल पुण्यातच उतरवून घ्यायची आणि गावी केबलवरून फोनमध्ये भरायची.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने लगेच सुचवलं, "मावशी, रूटच कर. नको असलेली सगळी ॲप्स एकदाच उडतील, फोन हलका होईल." त्याचं म्हणणं मला परकं नाही. अँड्रॉइड २.३ च्या काळात मी स्वतः फोन रूट केला होता आणि तोही मराठीसाठी. तेव्हा कित्येक फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या कॉन्फिग पानावर जाऊन बिटमॅप फाँटचा पर्याय सुरू केला की निदान वेबसाइट वाचता यायच्या. पण एसएमएस, संपर्कांची नावं, बाकीची ॲप्स यांत मराठी हवी असेल तर सिस्टीमच्या फाँट फोल्डरमध्ये देवनागरी फाँट टाकावा लागे आणि त्या फोल्डरला रूटशिवाय हात लागत नसे. आपल्या भाषेत आलेला निरोप वाचण्यासाठी लोकांनी तेव्हा वॉरंटीवर पाणी सोडलंय. मला त्याचं आजही काही वाटत नाही, गरजच तशी होती.

आता ती गरज उरलेली नाही आणि किंमत मात्र खूप वाढली आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये २०१३ पासून नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. कंपनीची सही नसलेलं बूट सॉफ्टवेअर फोनमध्ये भरलं की तो उडतो. उडाला की उडाला. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाका, फॅक्टरी रीसेट करा, फ्यूजचा शून्याचा एक झालेला आकडा पुन्हा शून्य होत नाही, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला नसतो, चिपमध्ये जळलेला असतो. वॉरंटीचा प्रश्न तिथेच येतो, आणि शिवाय सिक्युअर फोल्डर, म्हणजे फोनमधला वेगळा कुलूपबंद कप्पा, कायमचं बंद होतं. आईने मुदतठेवीच्या पावत्यांचे फोटो त्याच सिक्युअर फोल्डरमध्ये ठेवलेत. रूटसाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा प्रोग्रॅम, उघडावा लागतो आणि तो उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, हे वेगळंच. बँकांची बरीचशी ॲप्स रूट केलेला फोन ओळखतात आणि चालायला नकार देतात. मॅजिस्क हे रूटचं साधन वापरून ते लपवता येतं, पण हा लपाछपीचा खेळ दर काही महिन्यांनी नव्याने खेळावा लागतो. पुण्यात बसून मी तो खेळेन. पण आईचं लाइट बिल, गॅस, भिशी, सगळं यूपीआयवर चालतं. तिच्या फोनवर असला प्रयोग करायचा नाही, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं.

म्हणजे करायचं एवढंच: बूटलोडर बंद ठेवायचा आणि कंपनीचं स्वतःचं, सही केलेलं, भारतासाठीचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं भरायचं. याने फ्यूज उडत नाही. उलट बंद बूटलोडर आपल्याच बाजूने उभा असतो, कारण फाइलमध्ये कुणी एका अक्षराचा जरी फेरफार केला असेल तरी सही जुळत नाही आणि फोन ती फाइल घेतच नाही.

घरी चांगलं इंटरनेट असेल तर कंपनीचा अधिकृत मार्ग म्हणजे कॉम्प्युटरवरचं स्मार्ट स्विच. फोन केबलने जोडला की ते स्वतःच अपडेट शोधतं आणि भरतं. ज्यांना हे जमण्यासारखं आहे त्यांनी पुढचं काही करायची गरज नाही. माझी अडचण अशी की स्मार्ट स्विचलाही तिथल्या तिथे इंटरनेट लागतं, आणि गावी तेच नव्हतं. त्यामुळे मी ओडिन वापरलं. हे दुरुस्तीवाल्यांच्या हातातलं विंडोजवरचं साधन आहे, कंपनी ते ग्राहकांना देत नाही, पण त्यातून जाणारं सॉफ्टवेअर कंपनीचंच असतं.

फाइल निवडणं हा या सगळ्यातला सर्वात जबाबदारीचा भाग. इथे घाई नको. फोनच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर माहितीत बिल्ड नंबर दिसतो. त्यातली शेवटची पाच अक्षरं वाचायला शिकलं की निम्मं काम झालं. समजा ती ३, सी, एक्स, सी, २ अशी आहेत. पहिला ३ हा बूटलोडरचा क्रमांक. नव्या फाइलमधला हा आकडा फोनमधल्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा हवा. लहान असेल तर फोन ती नाकारतो, मागे जाता येत नाही. पुढचा सी म्हणजे त्या फोनसाठीची कितवी मोठी आवृत्ती. एक्स म्हणजे २०२४ साल, डब्ल्यू असता तर २०२३. त्यापुढचा सी म्हणजे तिसरा महिना, मार्च. शेवटचा आकडा त्या महिन्यातली कितवी बांधणी ते सांगतो. याशिवाय मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे आणि प्रदेशाचा कोडही. भारताचा कोड आयएनएस. मी फ्रिजा नावाच्या छोट्या साधनाने फाइल थेट सॅमसंगच्या सर्व्हरवरून उतरवली. कुठल्याही अनोळखी लिंकवरची 'फास्ट' फाइल घेऊ नये. मोडतोड केलेली फाइल फोन नाकारेल हे खरं, पण तिच्याबरोबर लॅपटॉपमध्ये काय शिरेल ते सांगता येत नाही.

गावी पोचल्यावर पहिला दिवस बॅकअपचा. आईचा एकच प्रश्न होता, "फोटो जाणार नाहीत ना गं?" फोटो आणि व्हिडिओ मी आधी साधे कॉपी करून लॅपटॉपवर घेतले. मग स्मार्ट स्विचने पूर्ण बॅकअप घेतला, त्याला इंटरनेट लागत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, तो पडवीत फोन ठेवून रात्रभर चालला. सिक्युअर फोल्डरमधल्या पावत्यांच्या प्रती तिच्यासमोरच बाहेर काढून वेगळ्या जपल्या.

पुण्यात उतरवलेली झिप फाइल उलगडली की पाच फाइली निघतात: बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी. शेवटच्या दोनांतली एकच वापरायची. साधी सीएससी टाकली तर फोन पुसला जातो, होम सीएससी टाकली तर डेटा जागच्या जागी राहतो. या दोन फाइली शेजारी शेजारी असतात आणि नावंही सारखीच, म्हणून मी साधी सीएससी उचलून दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवली. असं करणं चांगलं.

फोन बंद करून आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरायची आणि तशीच केबल जोडायची. पडद्यावर निळसर हिरव्या रंगात इशारा येतो. आवाज वाढवायचं बटण एकदाच, हलकं दाबायचं म्हणजे डाउनलोड मोड सुरू होतो. सेटिंगमध्ये ओईएम अनलॉक (बूटलोडर उघडण्याची परवानगी) सुरू केलेलं असेल तर हेच बटण दाबून धरल्यावर बूटलोडर उघडण्याचा पर्याय येतो. म्हणून ते सेटिंग बंद आहे ना, हे आधी पाहून घेतलं होतं. ते बंद असलं की तो पर्याय इशाऱ्याच्या पडद्यावर येतच नाही.

डाउनलोड मोडच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांच्या ओळी असतात. बहुतेक लोक त्या वाचत नाहीत, पण वॉरंटीची सगळी कुंडली तिथेच आहे. चालू सॉफ्टवेअरपुढे 'सॅमसंग ऑफिशियल', ओईएम लॉकपुढे 'ऑन' आणि वॉरंटी व्हॉइडपुढे शून्य. मी या पडद्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवला, काम सुरू होण्याआधी एक आणि झाल्यावर एक. जुना फोन विकत घेणाऱ्यांनीही हा पडदा दुकानातच उघडून पाहावा. आधीच्या मालकाने काय केलंय ते कळतं.

मग ओडिन. फोन ओळखला की वरचा चौकोन निळा होतो आणि खाली 'ॲडेड' असं उमटतं. न उमटल्यास सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर टाकायचा आणि केबल बदलून पाहायची. चार खणांत चार फाइली भरताना एपीला वेळ लागतो, कारण ती सर्वात मोठी आणि ओडिन तिची आधी पडताळणी करतं. त्या वेळात खिडकी गोठल्यासारखी दिसते, तेव्हा काही दाबायचं नाही. पर्यायांमध्ये ऑटो रीबूट आणि एफ रीसेट टाइम यांवर आधीपासूनच खूण असते, ती तशीच राहू द्यायची. री-पार्टिशनला मात्र कधीही खूण करायची नाही. गावी वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घेतली होती आणि फोनचीही. स्टार्ट दाबल्यावर डावीकडे एकेका भागाचं नाव सरकत जातं. 'सुपर' नावाचा भाग सर्वात मोठा, तो बराच वेळ घेतो. केबल हलू नये म्हणून आईने फोन चटईवर सपाट ठेवला आणि मांजराला बाहेर काढलं. शेवटी वरचा चौकोन हिरवा झाला, त्यात 'पास', आणि फोन आपोआप सुरू झाला. पहिल्या वेळी सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. मग लॉकचा पडदा आला तो आईच्या जुन्याच फोटोसह.

सिक्युअर फोल्डर उघडलं, पावत्या जागेवर. यूपीआय ॲपने पिन घेतला. डाउनलोड मोडमध्ये पुन्हा जाऊन पाहिलं, आकडा शून्यच.

आता भाच्याचा मुद्दा राहिला होता, नको असलेल्या ॲप्सचा. त्यासाठीही रूट लागत नाही. सॉफ्टवेअर माहितीतल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करायचं. वन यूआय ६, म्हणजे अँड्रॉइड १४ वरचं सॅमसंगचं रूप, त्यात ऑटो ब्लॉकर नावाची नवी सोय आहे, ती सुरू असेल तर केबलवरून येणाऱ्या आज्ञा अडवते. काम होईपर्यंत ती बंद ठेवायची. लॅपटॉपवर गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स लागतात. त्यातल्या एडीबीने फोनशी बोलता येतं. फोनवर परवानगीची चौकट येते, ती दिली की पॅकेज मॅनेजरच्या अनइन्स्टॉल आज्ञेने ॲप फक्त 'युजर शून्य'साठी, म्हणजे आपल्या वापरातून, काढता येतं. मूळ ॲप सिस्टीमच्या भागात तसंच राहतं, त्या भागाला धक्का लागत नाही आणि म्हणूनच वॉरंटीलाही नाही. चुकून हवं असलेलं गेलं तर 'इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आज्ञेने ते परत येतं. फॅक्टरी रीसेट केलं तर सगळीच परत येतात. मी आईला शेजारी बसवून एकेक विचारलं, "हे वापरतेस का?" सतत जाहिरातींच्या सूचना टाकणारी आणि तिने कधी न उघडलेली ॲप्स तेवढी काढली. नावावरून काम कळत नसेल ते पॅकेज राहू दिलं. भाचा व्हिडिओ कॉलवर पाहत होता. त्याला हे रूटशिवाय होतं हे माहीतच नव्हतं आणि त्याने त्याच रात्री स्वतःच्या फोनवरही करून पाहिलं.

दुसऱ्या कंपन्यांचे फोन असतील तर रस्ता आणखी सोपा असू शकतो. पिक्सेलसाठी गूगल पूर्ण ओटीए (अपडेटच्या) फाइली स्वतःच प्रसिद्ध करतं. बूटलोडर न उघडता एडीबीच्या साइडलोड आज्ञेने त्या केबलवरून भरता येतात आणि डेटाही राहतो. मोटोरोलाचं कॉम्प्युटरवर चालणारं स्वतःचं साधन आहे. शाओमीवर बूटलोडर उघडायला कित्येकांना काही दिवस थांबायला लावतात. तेवढ्या वेळात आपल्याला खरंच रूट हवं आहे का, याचा नीट विचार करता येतो. फोन कोणताही असो, वॉरंटी कार्डाच्या मागचा बारीक मजकूर आधी वाचा. कंपनीने मान्य न केलेल्या फेरफाराबद्दल तिथे काय लिहिलंय ते पाहूनच पुढे जा.

निघताना यूएसबी डीबगिंग बंद केलं आणि ऑटो ब्लॉकर सुरू केला. पुढचा सुरक्षा पॅच फोनवर आपोआप आला, तो आकाराने लहान होता. आईने पडवीत फोन ठेवून तो स्वतःच घेतला आणि झाल्यावर मला फोन करून बिल्ड नंबरची शेवटची पाच अक्षरं वाचून दाखवली.