काकवीसाठी स्थळ

रजेवरून बर्लिनला परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, सहा आठवडे कोल्हापुरात काय केलंस? आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, हे खरंच. पण ते अर्ध्या तासात उरकलं. उरलेले दिवस मी एका कुत्रीसाठी स्थळ बघत होते.

सुरुवात गुऱ्हाळावर झाली. डिसेंबरचा पहिला आठवडा. मामेभावाच्या मागं मोपेडवर बसून वडणगेच्या अंगाला काकवी आणायला गेले होते. काहिलीत रस चढलेला, भेंडीचं चिकट पाणी पडलं की वर येणारी मळी झाऱ्यानं काढून टाकायचं काम चाललेलं. वाफेनं चष्मा धुकटला म्हणून बाजूला झाले, तर चिपाडाच्या गंजीत दोन डोळे.

"हात लावाय जाऊ नगा ताई, मुतती ती," चुलवाणात चिपाडं सारणारा म्हणाला.

आई उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली होती. भावंडांत नर होते ते लोकांनी उचलून नेले. ही राहिली. चार-पाच महिन्यांची असेल. रात्री चुलवाणाच्या उबेला झोपायची आणि दिवसा माणूस दिसला की गंजीत शिरायची. रंग अगदी काहिलीतल्या काकवीचा, उन्हात धरली की कडेला तांबूस दिसते तसा. नाव तिथंच पडलं.

आता मला हे का सुचावं? त्याचं कारण बर्लिनमध्ये आहे. शहराच्या पूर्वेला फाल्केनबर्ग भागात मोठं टिअरहाइम आहे, म्हणजे प्राण्यांचं निवारागृह. युरोपातल्या सर्वांत मोठ्या निवाऱ्यांत ते मोजलं जातं. दर रविवारी मी तिथली कुत्री फिरवायला जाते. पुढं एका संस्थेच्या रोमानियातून आलेल्या कुत्र्याची मी 'फ्लेगेश्टेले' झाले. कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला आपल्याकडं ठेवून घेणाऱ्या घराला तिथं असं म्हणतात. तो बाबा अकरा दिवस माझ्या सोफ्यामागं होता. रात्री मी झोपले की बाहेर यायचा, खायचा, परत मागं. मी संध्याकाळी सोफ्याकडं पाठ करून फरशीवर वाचत बसायची. बाराव्या दिवशी त्यानं माझ्या पाठीला नाक लावलं. मी हलले नाही. पाय मुंग्यांनी बधिर झाले तरी हलले नाही.

अशा कुत्र्यांना जर्मनीत 'आंग्स्टहुंड' म्हणतात. आंग्स्ट म्हणजे भीती. पण हा शब्द तिथं शिवी नाही. पोट बिघडणाऱ्या कुत्र्याला वेगळं अन्न लागतं, तसं या कुत्र्याला वेगळं घर लागतं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडं 'भित्रं कुत्रं' म्हटलं की ते बाद. जे भुंकत नाही ते काय कामाचं!

पिल्लू साधारण ३ आठवड्यांचं झाल्यापासून १४ आठवड्यांचं होईपर्यंत जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढं जगातलं नेहमीचं वाटतं. त्या काळात माणसाचा हात भेटलाच नाही, किंवा भेटला तो काठीसकट, तर नंतर प्रत्येक हात ही नवी भानगड. काकवीचे ते आठवडे चुलवाणामागं गेले होते. म्हणजे तिच्यात खोट नव्हती, ओळख व्हायची राहून गेली होती.

तीन दिवस भाकरी टाकत टाकत तिला फळांच्या क्रेटमध्ये घेतलं आणि वर आईची जुनी साडी टाकून शिवाजी पेठेतल्या घरी आणलं. आईच्या डोळ्याला अजून पट्टी होती.

"काय आणलंस?"

"कुत्री हाय. मी बघतो तिचं सगळं." (आमच्याकडं बाया 'मी करतो', 'मी येतो' असंच म्हणतात. जर्मन शिकताना लिंगांचा घोळ झाला तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही.)

"भुंकत का न्हाई मग?"

जिन्याखालच्या अडगळीत तिचा मुक्काम पडला. मी शेजारी तिरकी बसायची, तिच्याकडं न बघता. भाकरीचा तुकडा हातानं द्यायचा नाही, तिच्या मागच्या बाजूला टाकायचा. म्हणजे तिला खायला आपल्यापासून लांब जाता येतं आणि मग जवळ यायचं की नाही, हे तिचं ती ठरवते. समोरून वाकून डोक्यावर हात ठेवणं हे आपल्याला प्रेम वाटतं, तिला आकाश पडल्यासारखं वाटत असणार. ती जीभ नाकावरून फिरवायची, जांभई द्यायची, मान वळवायची. दादा म्हणाला, "झोप आलीय तिला." झोप नव्हे. 'जरा लांब हो' हे ती तिच्या परीनं नम्रपणे सांगत होती.

"घेऊन जा की मग जर्मनीला!" हे दिवसाला तीनदा ऐकावं लागलं. तर ऐका. भारतातून युरोपीय संघात कुत्रं न्यायचं म्हणजे आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, आणि रक्त काढल्या दिवसापासून आणखी ३ महिने थांबायचं. माझी रजा सहा आठवड्यांची. आणि कागद सोडा, बर्लिनमध्ये मी तिसऱ्या मजल्यावर राहते, दिवसाचे नऊ तास घराबाहेर असते. तो रोमानियन पाहुणा आला तेव्हा माझं काम घरून चालायचं. आता निवाऱ्यात मी अर्ज केला तर त्यांनी मला हसून चहा पाजून परत पाठवलं असतं.

तेव्हा स्थळ कोल्हापुरातच बघायचं ठरलं. वहिनीनं सगळ्या ग्रुपांवर फोटो टाकला. फोटोत निम्मी साडी आणि एक कान. पहिला फोन अर्ध्या तासात आला.

"जर्मन हाय काय?"

मला वाटलं माझ्याबद्दल विचारतायत. मग उलगडा झाला, 'जर्मन' म्हणजे जर्मन शेफर्ड. बाई जर्मनीहून आल्यात म्हटल्यावर कुत्रंही जर्मनच असणार! गावठी आहे म्हटल्यावर फोन बंद.

दुसरे ताराबाई पार्कातले. बंगला, फाटक, सगळं झ्याक. त्यांना राखणीला हवी होती. "चार दिस बांधून ठेवली की तिखट हुतीया," म्हणाले. भीतीनं चावणाऱ्या कुत्र्याला पुष्कळ लोक तिखट समजतात. त्यांना नको म्हणायला मला एक मिनिटही लागलं नाही.

राजारामपुरीतल्या कुटुंबाला नको म्हणणं मात्र जड गेलं. नवरा-बायको दोघं शिक्षक, दोन गोड पोरं, आल्या आल्या नवं भांडं, गादी, पट्टा दाखवला. पोरं आनंदानं किंचाळत जिन्याखाली शिरली आणि काकवी जागच्या जागी ओली झाली. चावली नाही, हे नशीब. धाकट्याचा चेहरा पडला. "तिला मी आवडलो न्हाई?" त्याला काय सांगायचं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही खेळकर, माणसाळलेलं पिल्लू घ्या, हवं तर मी शोधून देतो. बाईंना राग आला. "कुत्रं द्यायचंय का पोरगी द्यायचीय?"

बर्लिनमध्ये यावर कुणी रागावत नाही, कारण तिथं सगळ्यांनाच या चरकातून जावं लागतं. बोलणी होतात, अर्ज भरायचा, मग संस्थेचं माणूस घरी येऊन बाल्कनीचा कठडासुद्धा हलवून बघतं. घरी किती तास कुणी नसतं? सुट्टीवर जाताना कुत्रं कुठं? करार, शुल्क. वर पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो महापालिकेसारखा कर आणि विमा सक्तीचा. मला ही पद्धत आवडते. पण तिच्यात एक गंमत आहे: घर तपासता येतं, माणसाची घाई तपासता येत नाही.

डिसेंबर संपत आला. आईची पट्टी निघाली, आईला काकवी दिसली, आणि पहिलं वाक्य, "लैच बारीक हाय की गं." त्या दिवसापासून दुधात भाकरी कुस्करून जिन्याखाली जायला लागली. तेच दूध घालायला येणाऱ्या मावशी एकदा जिन्यापाशी थांबल्या. शुक्रवार पेठेत त्यांचा गोठा, सहा म्हशी. वाकून बघितलं नाही. उभ्याउभ्याच विचारलं.

"किती दिस झालं?"

"पंधरा."

"हात लावून घेती?"

"न्हाई अजून."

"म्हस नवी आणली की ती तरी पयल्या दिशी पान्हा सोडती व्हय? हात वळखीचा हुईस्तवर न्हाई सोडत. आठ दिस, पंधरा दिस. आरडून काय उपेग हाय?"

मी चरवीकडं बघत राहिले. अकरा दिवस सोफ्याकडं पाठ करून मी जे शिकले होते ते या बाईला तिच्या धंद्यानं केव्हाच शिकवलं होतं. हीच माणसं दिवाळीच्या पाडव्याला सगरीत, म्हणजे म्हशींच्या मेळ्यात, म्हशी पळवतात. बिनसायलेन्सरच्या गाड्या, गुलाल, गोंगाट, आणि त्यात म्हस फक्त मालकाच्या हाकेला धावते. ती हाक म्हशीच्या कानात मुरायला किती दिवस गेले असतील!

गोठा बघायला गेले. बर्लिनच्या यादीत हे घर पहिल्याच ओळीला नापास. दार अर्धं, खालची फळी कमरेइतकी, बाहेर सरळ रस्ता. कुंपण नाही. मी मनातला अर्ज काढलाच. घरी कुणी नसतं असे किती तास?

"म्हशी सोडून जायाचं कुठं?"

पूर आला तर? २०१९ ला त्यांनी म्हशी सोडायला नकार दिला होता, त्यांच्यासकट उंचावरच्या रस्त्यावर रात्री काढल्या होत्या. हा प्रश्न विचारल्याचं मलाच कसंतरी झालं.

माझ्या तीन अटी होत्या. रेबीजची लस, वय झाल्यावर नसबंदी, आणि पहिले दोन महिने अंगावरचा पट्टा दिवसरात्र. तो पट्टा छातीला आणि पोटाला असा दोन ठिकाणी आवळतो. घाबरलेलं कुत्रं मागं सरकत गळ्यातल्या साध्या पट्ट्यातून क्षणात सुटतं, यातून सुटत नाही. मावशींचा मुलगा हो म्हणाला. मी तीन दिवस काकवीला नुसतं नेऊन आणलं. पहिल्या दिवशी ती सरकी पेंडीच्या पोत्यांमागं. दुसऱ्या दिवशीही तिथंच, पण झोपलेली. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या म्हशीपाशी जाऊन बसली. माणसाची भीती होती, म्हशीची नव्हती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग चूक माझ्याच हातून झाली. काखेत पट्टा घासून कातडं लाल झालेलं दिसलं, म्हणून चौथ्या दिवशी रात्रीपुरता तो काढला. त्याच संध्याकाळी फुटबॉलची मॅच होती. पेठेत मॅच जिंकली की काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. माळ लागली आणि काकवी फळीवरून रस्त्यावर. दहा सेकंदांचा खेळ.

मी "काकवेऽ काकवेऽ" करत पंचगंगेच्या घाटापर्यंत पळाले. मावशीच्या मुलानं मोटरसायकल काढली. मावशी मात्र दारातच बसून. मागं आले तर म्हणाल्या, "पळू नगंस. तू पळलीस की ती बी पळती." मी जर्मनीत शिकले होते की पळालेल्या आंग्स्टहुंडचा पाठलाग करायचा नाही, ओळखीच्या वासाची वस्तू आणि खाणं एकाच जागी ठेवायचं. तिथं यासाठी कॅमेरे आणि पिंजरे लावतात. ठाऊक असून मी पळालेच होते. मग आईची साडी फळीखाली अंथरली, फळी उघडी ठेवली, दिवा बंद केला. थंडीत पोत्यावर बसून राहिलो. मावशींनी एकदा फक्त विचारलं, "तिकडं लै थंडी असती न्हवं?" असते म्हटलं.

पहाटे चारला त्या नेहमीसारख्या उठल्या, चरवी घेतली, म्हाताऱ्या म्हशीखाली बसल्या. चरवीत पहिल्या धारा वाजल्या. थोड्या वेळानं साडीवर काहीतरी हललं. मावशींनी मान वळवली नाही, धार काढत राहिल्या. मी उठून फळी लावली, कडी न वाजवता. पट्टा दुसऱ्या दिवशी आतून मऊ कापड शिवून घातला. फळीवर आता आणखी एक फळी आहे, मुलानं ठोकलेली.

फेब्रुवारीत नसबंदी झाली. मार्चमध्ये मुलानं चौदा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. उजेड कमी. मावशी धार काढतायत, म्हशीच्या पुढच्या पायांपाशी काकवीच्या रंगाचं काहीतरी पसरलंय, पोट वर. मुलाचा आवाज येतो, "काकवे, हिकडं बघ, ताईला दाव." ते काहीतरी हलत नाही.

"बोलवू नगंस तिला," मावशी म्हणतात, आणि व्हिडिओ संपतो.