एकाच पेटीत दोन साप ठेवले तेव्हा

राखी आणि शेंदरी एकाच खेपेच्या अंड्यांतून निघालेल्या. दोघी कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप. एक करडी, दुसरी भडक नारिंगी ठिपक्यांची. माझ्याकडे आल्या तेव्हा जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाड होत्या. देणाऱ्याने सांगितलं होतं, दोन्ही माद्या आहेत, जन्मापासून सोबत आहेत, एका पेटीत खुशाल ठेवा. मी ठेवल्या.

पहिले दोन महिने मी रोज संध्याकाळी काचेसमोर बसायचे. उबेच्या बाजूला असलेल्या लपणात दोघी एकमेकींवर वेटोळं घालून पडलेल्या दिसायच्या. मला ते दृश्य फार आवडायचं. यांना एकमेकींची सोबत हवीशी वाटते, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातला काटा वेगळा काढून मी वजनं घ्यायला लागले. शेंदरी ६१ ग्रॅम, राखी ४३. एकाच वयाच्या, एकाच मापाचं भक्ष्य खाणाऱ्या. पुढच्या तीन आठवड्यांत शेंदरी ६८ वर गेली आणि राखी ४० वर आली. राखीने मधल्या काळात दोनदा उंदीर नाकारला होता, पण कात टाकायच्या आधी साप बऱ्याचदा खात नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे मी ते मनावर घेतलं नव्हतं. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ होतात, तिचे मात्र झालेले नव्हते. तिथेच मला कळायला हवं होतं.

तेव्हा मी पेटीकडे नव्याने पाहायला लागले. सापाला अंगातून पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही. खाल्लेलं पचवायलासुद्धा त्याला बाहेरची ऊब लागते. माझ्या पेटीत ३० अंशांच्या आसपासची जागा एकच होती आणि त्या जागेवर लपणही एकच. दोघींना तेच हवं होतं. साप त्यासाठी गुरगुरत नाहीत, चावत नाहीत. जो थोराड असतो तो वर पसरून बसतो, आणि दुसरा खाली दबून राहतो किंवा गार बाजूला जाऊन पडतो. मी रात्री उठून पाहायला लागले, तर राखी बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याजवळ, २३ अंशांत. दिवसा शेंदरीच्या खाली. ज्याला मी माया समजत होते ती जागेसाठीची चढाओढ होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत दोन महिने चालली होती.

दुसरं लपण ठेवून पाहिलं. हुबेहूब तसंच, उबेच्याच बाजूला. चार दिवस बरे गेले, मग शेंदरी कुठल्याही लपणात गेली तरी राखी गार बाजूलाच.

खायला घालताना मी दोघींना वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे, तेवढी काळजी होती. पण एका रात्री राखीने खाल्लं आणि मी घाईने तिला पेटीत परत सोडलं. तिच्या तोंडाला उंदराचा वास होता. शेंदरी अजून भुकेली होती. तिने जीभ दोनदा बाहेर काढली आणि राखीचं डोकंच धरलं. सापाचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे ओढून सोडवायला गेलं तर जखम वाढते. मी दोघींना उचलून गार पाण्याच्या बारीक धारेखाली धरलं, तेव्हा शेंदरीने तोंड उघडलं. राखीच्या गालावर चार बारीक रक्ताचे ठिपके. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत अर्धवट पचलेला उंदीर पडलेला होता.

इथे एक गोष्ट अनुभवातून सांगते. दोन साप एकत्र असले की उलटी कोणाची, विष्ठा कोणाची, हे कळत नाही. या वेळी मी अंदाज करू शकले. एरवी तेवढंही जमलं नसतं. उलटीनंतर सापाला किमान दहा-बारा दिवस उपाशी ठेवायचं असतं, आणि मग अगदी लहान भक्ष्यापासून सुरुवात करायची असते. चुकीच्या सापाला उपाशी ठेवलं आणि आजाऱ्याला पुन्हा भरवलं तर तो साप हातचा जाऊ शकतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी राखीचं पोट बोटांनी चाचपलं, मग पहिला प्रश्न विचारला, "एकत्र ठेवता का?" उलटी आणि घटतं वजन दिसलं की त्यांना क्रिप्टोस्पोरिडियमची शंका घ्यावीच लागते. हा परजीवी जठराच्या अस्तरात वाढतो, जठराची भिंत जाड होते, सापाच्या मधल्या भागात फुगवटा येऊ शकतो. खात्रीचा उपचार नाही, आणि साध्या ब्लीचने तो मरत नाही. एकाला असेल तर त्याच पेटीतल्या दुसऱ्यालाही असणार असंच धरून चालावं लागतं. तपासणी निर्धोक आली. तो रोज विष्ठेतून बाहेर पडतोच असं नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा केली. तीही निर्धोक. त्या मधल्या काळात मी नीट झोपले नाही.

डॉक्टरांनी जाताजाता दोघींच्या शेपटीच्या मुळाशी बोथट टोकाची बारीक सळई घालून पाहिली. मादीत ती थोडीच आत जाते, नरात बरीच खोल. शेंदरी नर निघाला. शेंदऱ्या. भावंडं असणं सापांना आडवं येत नाही. आणखी काही महिने दोघं एकत्र राहिले असते तर अंगाने न भरलेल्या राखीच्या पोटात अंडी धरू शकली असती. अशा लहान मादीत अंडी अडकू शकतात आणि तिचा जीव जाऊ शकतो. हे ऐकल्यावर मला पेटी वेगळी करायला दुसऱ्या कुठल्या कारणाची गरज उरली नाही.

मधोमध पडदा घालून भागेल का, हाही विचार केला होता. डॉक्टरांनी नको म्हटलं: वास पलीकडे जातोच, बोटभर फट राहिली तरी साप त्यातून निघतो, आणि अर्ध्या पेटीत ऊब ते गारवा असा उतार नीट मिळत नाही. मग दुसरी पेटी, तिला ऊब आपोआप ठरावीक ठेवणारा स्वतःचा थर्मोस्टॅट, उबेच्या आणि गार अशा दोन्ही बाजूंना एकेक लपण. चिमटे वेगळे, पाण्याची भांडी वेगळी, एकाला हाताळल्यावर हात धुऊनच दुसऱ्याला हात लावायचा.

एका मित्राने विचारलं, रानात तर साप एकत्र असतात ना? असतात. कॅनडातल्या मॅनिटोबात नार्सिस इथल्या चुनखडीच्या कपारींत हजारो गार्टर साप एकत्र हिवाळा काढतात, कारण जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पोचणाऱ्या भेगा तिथे मोजक्याच आहेत. वसंतात ते बाहेर येतात, जोड्या जमतात आणि कित्येक किलोमीटर पांगतात. गार्टर सापांची लहान पिल्लं आपणहून सोबत निवडतात, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे गार्टर सापांच्या माद्या पुरेशा मोठ्या पेटीत एकत्र ठेवणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, खायला वेगळं घातलं म्हणजे झालं. पण ती सूट कॉर्न स्नेकला किंवा बॉल पायथनला लावता येत नाही. आणि किंग स्नेकला तर कुणाबरोबरच नाही. इतर साप हे त्याचं नेहमीचं खाणं आहे. रानात दबलेल्या सापाला निघून जाता येतं. राखीला काचेपलीकडे जायला जागा नव्हती.

नवीन साप आणला तर त्याला निदान ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, हेही मी त्याच डॉक्टरांकडून शिकले. माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक जीव, एका सापावरून दुसऱ्यावर सहज चालत जातात, आणि बोआ-पायथनांमधला आयबीडी (इन्क्लूजन बॉडी डिसीज) हा विषाणूजन्य आजार बरा होत नाही.

वेगळं केल्यावर पहिले बारा दिवस राखीला काही दिलं नाही. तेराव्या दिवशी उंदराचं नखाएवढं पिल्लू, पाच दिवसांनी तसंच एक. तिसऱ्या वेळी मी चिमटा लपणाच्या तोंडाशी नेला तोच तिने झडप घातली. सात आठवड्यांत ती ४० वरून ५२ ग्रॅमवर आली. आता ती उबेच्या लपणातून अर्धी बाहेर येते, हनुवटी लपणाच्या काठावर टेकवते आणि तशीच पडून राहते, दुपारभर.