पावसाळ्यापूर्वीची नोंद : कर्दळीचा वाफा आणि करवंटीचा कोळसा

आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत शोषखड्ड्यातले पाणी जांभ्याच्या भेगांतून फारसे न गाळता खाली उतरते आणि उताराला विहिरी आहेत. म्हणून सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांच्या मध्ये दोन टप्पे बसवण्याचे काम मी हाती घेतले. सांडपाण्यातील औषधांचे अवशेष कमी करणे हा त्याचा हेतू.

पहिला टप्पा म्हणजे चिऱ्यांनी बांधलेला, खडी भरलेला कर्दळीचा वाफा. त्यात पाणी थांबून थांबून सोडतो, म्हणजे मधल्या वेळात वाफा निथळून खडीत हवा शिरते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन हवेवर जगणारे जिवाणू चांगले पचवतात; मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचेही बरेचसे विघटन होते, पण त्यातून तयार होणारे ग्वानिलयुरिया मागे उरते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक अर्धेमुर्धेच जाते, आणि फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन तर शहरांतल्या मैलापाणी प्रकल्पांतूनही जवळपास जसेच्या तसे बाहेर पडते. दुसऱ्या टप्प्यातला कोळसा लागतो तो या दोघांसाठी.

दुसऱ्या टप्प्यातील पिंपात कोणता कोळसा भरावा, हे ठरवण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरला. विहिरीच्या पाण्यात सारखाच रंग कालवून एका बाटलीत घरच्या भट्टीतला करवंटीचा कोळसा टाकला आणि दुसरीत तेवढाच, वाफेने सक्रिय केलेला, म्हणजे बारीक छिद्रे पाडलेला, विकतचा. सकाळपर्यंत दुसरी बाटली नितळ झाली होती; पहिलीतली निळाई जेमतेम फिकटली होती. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 1,000 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, त्यामुळे यात नवल नाही. मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. तोच रंग वाफ्यातून आलेल्या पाण्यात कालवला तेव्हा विकतचा कोळसाही मंदावला, आणि टाकीतल्या कच्च्या पाण्यात तर फारच रेंगाळला, कारण पाण्यातील विरघळलेला सेंद्रिय मळ छिद्रे आधी अडवून बसतो. तेव्हा कोळसा नेहमी शेवटी. स्वित्झर्लंडमध्ये 2016 पासून निवडक मैलापाणी प्रकल्पांना असे अवशेष काढण्यासाठी जो वाढीव टप्पा घालावा लागतो, तोही सहसा जैविक प्रक्रियेनंतर येतो.

या चाचणीवर फार विसंबू नये. मेथिलीन ब्लूचा रेणू धनभारित असतो. सांडपाण्यातील डायक्लोफेनॅक ऋणभारित आणि कार्बामाझेपिन भाररहित, त्यामुळे निळा रंग गेला म्हणजे औषध गेले, असे म्हणता येत नाही. लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजायचे अवशेष घरगुती किटने दिसतही नाहीत.

एक गोष्ट मात्र विनाखर्चाची आहे. गुडघ्याला चोळायच्या डायक्लोफेनॅक मलमापैकी सुमारे 6 टक्केच शरीरात शोषले जाते. उरलेल्यातले बरेचसे हातावरून, अंगावरून आणि कपड्यांवरून मोरीत जाते. आई आता मलम चोळल्यावर हात आधी कागदाला पुसते, मग धुते, आणि तो कागद कचऱ्यात जातो. माझ्या मते पिंपापेक्षा या सवयीचा उपयोग कदाचित अधिकच असेल.

वापरलेला कोळसा माडांच्या आळ्यात घालणार नाही, कारण धरलेले औषध त्यातच असते; तो झाकणाच्या डब्यात वेगळा साठवतो आहे. आता मृगापूर्वी वाफ्यावर पत्रा घालून पागोळ्यांचे पाणी पन्हळीने बाजूला काढायचे आहे, नाहीतर जुलैत पाणी वाफ्यात ठरणारच नाही आणि सगळा भार कोळशावर येईल.