गोकाकचा धबधबा: 15 फ्रेमवरून 78 फ्रेमवर

कॉम्प्युटरवर गोकाकचा धबधबा बनवतोय. त्याचा पहिला रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, आईला दाखवला. चष्मा वर सरकवून ती म्हणाली, "हे गोकाक व्हय रे? ताक ओतल्यागत दिसायलंय." जिव्हारी लागलं, पण बरोबर होतं. सहा आठवडे ब्लेंडर या 3D ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून मी घटप्रभा नदीचं ताक केलं होतं.

चूक पहिल्याच दिवशी झाली होती. सवयीने डोमेन (ज्या चौकटीत पाण्याचं गणित होतं ती) 2 मीटर उंच ठेवलं, कडा त्यात बसेल एवढा लहान केला आणि बेक लावला, म्हणजे ते गणित करायला लावलं. गोकाकच्या कड्याची उंची 52 मीटर धरतात. हवेचा विरोध सोडला तर तेवढ्या उंचीवरून सुटलेलं पाणी तळाला यायला सव्वातीन सेकंद घेतं, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने 78 फ्रेम. माझं पाणी 15 फ्रेममध्ये खाली. कड्याला हवं तेवढं भारी टेक्स्चर लावा, शेजारी माणूस उभा करा, पाणी 15 फ्रेममध्ये पडलं की बघणाऱ्याला तो तांब्याच वाटणार.

हा हिशेब जुनाच आहे. विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनियरने 19व्या शतकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून तो बसवला. लांबी जेवढ्या पटीत बदलते, वेळ त्याच्या वर्गमुळाच्या पटीत बदलतो. सिनेमावाले 25 पट लहान धरण फोडायचे तेव्हा कॅमेरा 5 पट वेगाने चालवायचे, तो याच कारणाने. माझं प्रमाण 26 पट, वर्गमूळ 5.1. म्हणून टाइम स्केल, म्हणजे सिम्युलेशनमधल्या वेळेचा वेग, 0.2 केला. पडायचा वेळ जमला, आणि आता ताकाऐवजी जेली दिसायला लागली!

कारण ग्रिड, म्हणजे गणितासाठी डोमेनचे पाडलेले चौकोनी तुकडे. 2 मीटरला 128 भाग, म्हणजे एक घर दीड सेंटिमीटरच्या वर. ते 26 पट केलं की 40 सेंटिमीटर. माझ्या धबधब्यात घागरीएवढे गोळे गरगरत खाली येत होते. हवेतून पडणारा पाण्याचा थेंब पाच-सहा मिलिमीटरच्या वर टिकतच नाही, फुटतो. गुरुत्वाकर्षण, वेळ सगळं स्केलने फिरवता येतं, थेंब फिरवता येत नाही. भरीस भर म्हणून सरफेस टेन्शनही (पाण्याचा पृष्ठताण) चालू ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या पाण्यात त्याचा काही उपयोग नाही, सरळ बंद करा.

जुलैच्या शेवटी वरच्या हिडकल धरणाचं पाणी सोडल्याचं कळलं तसा रविवारी बेळगावहून पहिली बस धरली. फोन स्टँडवर लावला, सेकंदाला 60 फ्रेमवर ठेवला आणि दर मिनिटाला शर्टाने लेन्स पुसत तासभर शूट केलं. घरी येऊन एक-एक फ्रेम पुढे सरकवत एकाच लोटाचा पाठलाग केला. काठावरून सुटताना तो गढूळ, तांबूस आणि अखंड असतो, चादरीसारखा. साधारण एक तृतीयांश खाली आला की त्याला भोकं पडतात, आणि मग तो पांढरा होतो. त्यानंतर जे खाली येतं त्याला टोकदार डोकं असतं आणि वर लांब तुषारांची शेपटी. माझ्या मोजणीत तो लोट 230 फ्रेमला तळाशी गेला, हिशेबाने 195 ला जायला हवा होता. कडेच्या बारीक धारा तर तळाला पोचतच नाहीत, मध्येच धुकं होऊन वाऱ्यावर जातात.

इथे माझी ट्यूब पेटली. हवा नसती तर तळाशी वेग सेकंदाला 32 मीटर झाला असता. पण मोठ्यातला मोठा थेंबही हवेतून सेकंदाला साधारण 9 मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे गाभा पुढे पळतो, तुषार मागे राहतात, आणि हे मागे राहणंच आपल्याला 'प्रचंड' म्हणून दिसतं. माझ्या सिम्युलेशनमध्ये हवाच नव्हती. सगळं पाणी कवायतीसारखं एकदम खाली.

आता डोमेन खऱ्या मापाचं केलंय. सगळा कडा नाही, 20 मीटर रुंदीचा एक काप: 20 बाय 14 बाय 54 मीटर. घर 20 सेंटिमीटरचं, म्हणजे 19 लाखांच्या आसपास घरं. 10 सेंटिमीटरला तीच दीड कोटी होतात. शिवाय पाणी एका फ्रेममध्ये सव्वा मीटरच्या वर सरकतं, म्हणजे बारीक ग्रिडवर 13 घरं. टाइमस्टेपची (एका फ्रेमचं गणित किती टप्प्यांत करायचं त्याची) कमाल मर्यादा 4 वर ठेवली तर ते कड्यातून आरपार जातं, हे दोन रात्री वाया घालवून शिकलो. आता 8 ठेवलीय. तिसऱ्या रात्री करंट गेला. कॅशेमधलं (बेक साठवायच्या सेटिंगमधलं) 'रिझ्युमेबल', म्हणजे अर्धवट बेक पुढे चालू करू देणारं, टिक केलेलं नव्हतं, त्यामुळे 170 फ्रेम गेल्या. ते आधी टिक करा, मग जेवायला बसा.

लिक्विड मेश, म्हणजे पाण्याचा सलग पृष्ठभाग, फक्त वरच्या तिसऱ्या भागात दिसू देतो. त्याखाली साधे पार्टिकल (सुटे कण) आणि त्यांच्यावर ड्रॅग फोर्स फील्ड, म्हणजे हवेसारखा विरोध, प्रत्येकाला वेगळी साइज. लहानांना जास्त ड्रॅग. शेपट्या दिसायला लागल्यात! तळाला धुक्यासाठी वेगळं स्मोक डोमेन.

एक गोष्ट मात्र फुकटात सुटली. काचेसारखं पारदर्शक पाणी करण्यात मी पंधरा दिवस घालवले होते. पावसाळ्यातली घटप्रभा चहासारखी असते, आरपार काही दिसत नाही. अपारदर्शक मटेरियल लावलं आणि रेंडरचा वेळ निम्म्यावर आला.

फेस अजून जमत नाही. डोहात पडल्यावर तो खडकाच्या कडेला साचून हळूहळू फिरायला हवा, माझा तीन सेकंदांत विरतो. फोमचं लाइफटाइम वाढवून आज रात्री परत बेक लावलाय, रिझ्युमेबल टिक करून. नवीन रेंडर आईला दाखवला. "आता गोकाक हाय," म्हणाली, "पण पूल कुठं गेला?"

झुलता पूल मॉडेल करायचा राहिलाय.