सतरा, एकोणीस आणि पोक्सो

घरात अकरावी-बारावीतली मुलगी किंवा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा असेल तर हे जरा निवांत वाचा. माझ्या घरी मुलगा आहे, एकोणीसचा, आणि भावाच्या घरी सोळाची पुतणी, त्यामुळे मला दोन्ही बाजूंची धास्ती असते.

निमित्त आमच्या ओळखीतलं. मुलगी सतरा पूर्ण, अठराला काही महिने बाकी, मुलगा एकोणीस, शाळेपासूनची ओळख, घरी कळल्यावर रडारड, फोन काढून घेतला, मग दोघं पळाले आणि मुलाच्या मावशीकडे सापडले. तोवर पोलिसात तक्रार झालेली. अल्पवयीन मूल हरवलं की पोलीस अपहरणाचाच गुन्हा दाखल करतात, त्यामुळे "अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले" हे ठरलेलं वाक्य कागदावर आलं. अज्ञात कसला, त्याच्या आईचा नंबर मुलीच्या आईच्या फोनमध्ये सेव्ह होता! मुलगी सापडली, मेडिकल झालं, आणि अपहरणावर पोक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागला. मुलगी मॅजिस्ट्रेटसमोर म्हणाली मी माझ्या मर्जीने गेले. काही उपयोग नाही, कारण पोक्सोत अठराच्या खालच्या मुलीच्या मर्जीला किंमतच नाही.

बऱ्याच आईवडिलांना वाटतं की हा कायदा फक्त विकृत म्हाताऱ्यांसाठी आहे. कायदा २०१२ चा, आणि त्यात वय अठरा. त्याआधी १९४० पासून संमतीचं वय सोळा होतं, म्हणजे आपल्यातले बरेच जण ज्या काळात कॉलेजात होते तेव्हा सोळाच. आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर शरीरसंबंध आले तर कमीत कमी दहा वर्षं शिक्षा, मुलगी सोळाच्या खाली असेल तर कमीत कमी वीस. कमीत कमी! जज्जाला वाटलं की पोरगा चांगला आहे, दोघांचं खरंच प्रेम आहे, तरी त्याच्या हातात खाली उतरायला जागा नाही. नुसता किस घेतला तरी कलम सात-आठखाली तीन ते पाच वर्षांचं प्रकरण होऊ शकतं. सिनेमाला जाणं, एकत्र मिसळ खाणं, रात्री दोनपर्यंत चॅट करणं हा गुन्हा नाही, पण फोनमध्ये तिचा नको तसा फोटो असेल, तिने स्वतःहून पाठवलेला असला तरी, तर तो वेगळा गुन्हा.

आणि दोघंही सतराचे असले तर? कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, पण प्रत्यक्षात मुलगी पीडित आणि मुलगा "विधिसंघर्षग्रस्त बालक", म्हणजे अल्पवयीन आरोपी, असंच होतं. मुलगी घरी जायला नाही म्हणाली तर तिची रवानगी बालगृहात.

एन्फोल्ड नावाच्या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ पोक्सो निकाल तपासले, त्यातले १,७१५ प्रेमसंबंधांचे निघाले, म्हणजे साधारण चारातला एक. त्यातल्या बहुतेक तक्रारी मुलीच्या घरच्यांच्या, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये मुलगा सुटलेला. सुटला म्हणजे झालं असं वाटेल, पण तोवर त्याचं कॉलेज गेलं, नोकरी गेली, वकिलाच्या फीपायी घर गहाण पडलं, त्याचा हिशोब कोण देणार.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते बोलते. या केसेसमध्ये घरच्यांचा राग खरंच वयाचा असतो का? आमच्या ओळखीतल्या त्या घरात दीड-दोन वर्षांच्या फरकाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बोलणं सगळं "त्यांच्यातला आहे तो" एवढंच. मुलगा जातीतला असता तर साखरपुडा करून ठेवला असता, अठरा झाल्यावर बार उडवला असता. आणि जिथे वयाचा फरक खरोखर मोठा असतो तिथे आपल्याला काही खुपत नाही. स्थळ आठ-दहा वर्षांनी मोठं असलं की "सेटल आहे" म्हणून कौतुक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ते नवरे काही वर्गमित्र नव्हेत! २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अठराखालच्या बायकोशी संबंध हाही गुन्हाच आहे, पण तक्रार करायला मांडवातलं कोण जाणार. बाळंतपणाला दवाखान्यात नेलं आणि आधार कार्डावर वय दिसलं की मगच ते बाहेर येतं.

आणि हे आपलं आजचं नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी, नवरा आठ-नऊ वर्षांनी मोठा, त्या नांदायला नाही म्हणाल्या तर १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने सांगितलं नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. १८९१ ला संमतीवयाचा कायदा आला, वय दहावरून बारा, फक्त बारा, तरी टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने असं रण पेटलेलं. मुलीचं वय हा आपल्याकडे कायम घराच्या इज्जतीचा विषय राहिलाय, मुलीला काय वाटतं हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

मला स्वतःला आई म्हणून काळजी कशाची वाटते? फरकाचीच वाटते, पण आकड्यापेक्षा त्या फरकातून काय येतं त्याची. सोळाची मुलगी आणि अठरा-एकोणीसचा पोरगा, दोघांचा रिचार्ज आईबाप मारतात, दोघांनाही केटी लागायची आणि घरी कळायची भीती, भांडण झालं तर दोघंही सारखेच रडणार. सोळाची मुलगी आणि सत्तावीसचा बाप्या म्हणजे त्याच्याकडे बाईक, पगार, मित्राच्या रूमची चावी, आणि "तू इतर मुलींसारखी नाहीस, मॅच्युअर आहेस" हे वाक्य. बायांनो, ते वाक्य आपल्याला पण कुणीतरी ऐकवलेलं आहे ना? त्याच्या वयाच्या बायका त्याच्याकडे का बघत नाहीत हा प्रश्न सोळाव्या वर्षी सुचत नाही. क्लासचे सर, डान्स शिकवणारा दादा, जिमचा ट्रेनर यांच्याबद्दल तर मी पुतणीला सरळ सांगितलंय की तिथे मोठ्याची चूक असते, तू न घाबरता माझ्याकडे ये. शाळा-क्लासमधल्या माणसाने केलं तर पोक्सोतच जास्त शिक्षा आहे, निदान वीस वर्षं, आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे.

पण एकोणीसचा आणि सत्तावीसचा हे कायद्याच्या एकाच तराजूत बसतात, आणि मला तिथेच खटकतं. कॅनडात संमतीचं वय सोळा आहे, पण चौदा-पंधराच्या मुलामुलीला पाच वर्षांच्या आतल्या फरकाची सूट. जपानने २०२३ मध्ये वय तेरावरून सोळा केलं आणि तिथेही पाच वर्षांचा हिशोब ठेवला. आपल्याकडे मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्येच सुचवलं होतं की वय सोळा करा आणि फरक पाच वर्षांहून जास्त नको. लॉ कमिशन २०२३ मध्ये म्हणालं की वय अठराच ठेवा, फक्त सोळा ते अठराच्या केसेसमध्ये शिक्षा ठरवताना जज्जाला थोडी मोकळीक द्या. सरकार अठरावर ठाम आहे. जानेवारी २०२६ मध्ये सुप्रीम कोर्टानेच केंद्राला "रोमिओ-ज्युलिएट" कलमाचा विचार करा म्हणून सांगितलं, म्हणजे खऱ्याखुऱ्या टीनएजर जोडप्यांना यातून बाहेर काढा. विचार करा म्हणाले, कलम अजून आलेलं नाही.

म्हणून मी पोराला बसवून सांगितलं, बाबा रे, मुलगी अठराची झाली की नाही ते बघ, तिची जन्मतारीख विचार. तो म्हणाला, "आई, आधार कार्ड मागू का पहिल्या डेटला?" माग, म्हटलं, हसायचं तेवढं हास. तिचे बाबा पोलिसात गेले तर तुझी आई काय करणार आहे?

मला विचाराल तर खाली सोळाची मर्यादा, वर तीन वर्षांचा फरक, आणि शिक्षक-ट्रेनर-नातेवाईक यांना कसलीही सूट नाही, असं कलम यावं. भाऊ म्हणतो हे तू मुलाची आई म्हणून बोलतेस. असेल. पण मग त्याला विचारलं, उद्या तुझ्याच पोरीचं एकोणीसच्या मुलाशी काही असलं तर तू त्याला दहा वर्षं आत घालशील का, तर गप्प बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "एकवीसचा असला तर?" सतरा आणि एकवीस. चार वर्षं. कॅनडाच्या हिशोबात बसतं, माझ्या हिशोबात बसत नाही, आणि त्यावर आमचं दोघांचं अजून भांडण चालू आहे.