तुम्ही विचारलंत म्हणून: आलेख सुधारायचा म्हणजे रंग बदलायचे का?

आलेख सुधारून देता म्हणजे नेमकं काय करता, रंगबिंग बदलता का, असं मला बरेच जण विचारतात. रंगांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी बघायचं की हा आलेख पाहणाऱ्याला काय जाणून घ्यायचंय.

पुण्यातलंच बघा. जुलै उजाडला की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साठ्याचे आलेख फोनवर फिरायला लागतात. सारख्या उंचीचे चार स्तंभ, टक्क्यांप्रमाणे निळे भरलेले. खडकवासल्याचा स्तंभ वरपर्यंत निळा झाला की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू, ‘धरण भरलं, आता कसली पाणीकपात?’

पण खडकवासल्याची क्षमता आहे जेमतेम १.९७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). टेमघरची ३.७१, पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२. मिळून २९.१५. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी एकूण क्षमतेच्या सात टक्केही पाणी होत नाही. वरसगाव नुसतं १६ टक्के भरलं, तरी त्यात याहून जास्त पाणी असतं. आलेखात एकही आकडा खोटा नाही, आणि तरी माणूस चुकीचं समजून बसतो. मला याचा खरंच त्रास होतो, कारण तो वाचणाऱ्याचा दोष नसतो.

मी हा आलेख टीएमसीत काढते. चार आडव्या पट्ट्या, एकाखाली एक, एकाच मापावर, शून्यापासून. पूर्ण क्षमतेची नुसती चौकट, आत आजचा साठा भरीव. धरणाचं नाव पट्टीशेजारीच, म्हणजे कुठला रंग कुणाचा हे कोपऱ्यात शोधत बसायला नको. गेल्या वर्षी याच तारखेला किती पाणी होतं, तिथे एक बारीक उभी रेघ. आणि शीर्षकात ‘धरणसाठा’ एवढंच न लिहिता सरळ बातमी: ‘खडकवासला भरलं, पण चारही धरणांत मिळून साठा निम्माच’.

गोल चकत्या, म्हणजे पाय चार्ट, का नाही? १९८४ साली विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की एका मापावरची लांबी आपण बरीच अचूक ताडतो. कोन आणि क्षेत्रफळ ताडताना जास्त चुकतो. गोलात २२ टक्के आणि २६ टक्क्यांच्या फोडी शेजारी ठेवून बघा, मोठी कुठली ते पटकन सांगता येणार नाही.

मात्र नदीकाठी राहणाऱ्याला माझ्या या आलेखाचा काडीचा उपयोग नाही. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं, आणि ते भरलं की मुठा नदीत विसर्ग सुरू होतो, म्हणजे पाणी सोडतात. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. तिथल्या माणसाला साठा किती याच्याशी काय घेणं? त्याला विसर्ग वाढतोय का आणि किती वेगानं, हे हवं. त्याच्यासाठी वेगळा आलेख: आडव्या अक्षावर तास, उभ्यावर क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय), एकच ठळक रेघ, आणि विसर्ग वाढवायचं ठरलं असेल तर पुढच्या तासांची तुटक रेघ. अक्षरं एवढी मोठी, की पावसात भिजलेल्या फोनवरही वाचता यावीत.