आग नसताना बोंब

ठाण्यात मिसळ खायला बसलात की पहिला प्रश्न येतो, "तिखट की मीडियम?" उत्तर आपण देतो, निस्तरावं लागतं जिभेच्या मज्जातंतूंना. त्यांचं मत कोणी विचारत नाही.

मामलेदार कचेरीजवळच्या गर्दीत जागा मिळालीच, तर आपली प्लेट येईपर्यंत शेजारच्या टेबलाकडे बघावं. पहिला घास शूर असतो. मग कपाळावर घाम, नाकाला पाणी, सुस्कारे. अंगाला चटका बसावा तसं सगळं चाललेलं असतं, आणि शरीराच्या बाजूने ते योग्यच असतं. चटका ओळखणारं एक प्रथिन मज्जातंतूंच्या टोकांवर दारासारखं बसलेलं असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की ते उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन पेशीच्या आवरणात शिरून नेमकं तेच उघडतं, मग मिसळ कोमट का असेना. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे १९९७ साली दाखवून दिलं. पुढे २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

प्रथिन उघडलं की सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात. एरवी पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साठ-सत्तर मिलिव्होल्टने ऋण असते. तो फरक ठरावीक हद्दीपलीकडे घटला की विजेचा ठोका मेंदूकडे सुटतो. गंमत अशी, की हा ठोका लहान-मोठा नसतो. एक तर पूर्ण, नाही तर नाहीच. तर्री जहाल असली म्हणून तो जोरात पडत नाही, फक्त भराभर पडायला लागतो. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यासारखं: हॉर्नचा आवाज तेवढाच, चिडला की तो पुन्हा पुन्हा दाबतो. मज्जातंतूंची ही रीत ब्रिटिश शास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात उलगडली, आणि मला तरी ती कुठल्याही मसाल्याच्या गुपितापेक्षा भारी वाटते.

अशा वेळी लोक पाणी ढोसतात. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे घोटाभराचा गारवा आणि पुन्हा तेच. ताक मागवावं, दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. रोजचे खाणारे मात्र ताकही घेत नाहीत. पेशीत शिरलेलं कॅल्शियमच चटका ओळखणाऱ्या त्या प्रथिनाला हळूहळू बोथट करतं, म्हणून सवयीच्या जिभेवर बोंब कमी उठते. त्यांना आपण उगाच धीराचे समजतो.

पोपटाला तर धीराचीही गरज नाही. पक्ष्यांमधल्या याच प्रथिनाला कॅप्सेसिन कळतच नाही. ते मिरच्या खातात आणि बिया लांबवर टाकतात. चावून बियांचा भुगा करणाऱ्या सस्तन प्राण्यांनी लांब राहावं, म्हणून झाडाने हा बंदोबस्त केला असं मानतात. झाडाचा हिशेब चोख होता, फक्त रविवारी सकाळी रांग लावून "अजून तर्री द्या हो" म्हणणारा सस्तन प्राणी त्यात धरलेला नव्हता.